राजानें शोकघरीं जावें काय?

गोंदिया शहरापासून जवळच कामठा नांवाचें गांव आहे. नागपुराशेजारच्या कामठी छावणीशीं त्याचा पुष्कळदां घोटाळा होतो. म्हणून आरंभींच सांगतों, कीं हा कामठा निराळा. नागपूरकर भोंसल्यांच्या राज्यांत वैनगंगेच्या पूर्वेकडील ही एक मोठी जमीनदारी होती आणि तेथें जमीनदाराचा किल्ला होता. १८१८ सालीं येथील जमीनदार चिमणा पाटील यानें पदच्युत राजा आप्पासाहेब भोंसले याचा पक्ष घेऊन बंड उभारलें. ब्रिटिश फौजेची एक तुकडी चालून आली, हल्ला करून तिनें किल्ला घेतला, आणि पाटलाची जमीनदारी पुढें एका लोधी घराण्याकडे गेली. इतिहासाच्या पुस्तकांतून हें प्रकरण पांचसात ओळींत आटोपतें. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली तें त्या ओळींवरून कळतें. परंतु त्या तटावर जीं माणसें पडलीं त्यांच्या घरीं पुढें काय झालें, हा प्रश्न त्या ओळींना पडत नाहीं.

श्रोतेहो, तो प्रश्न आज मी आपणांपुढें ठेवणार आहें. रणांत पडलेल्या शिपायाच्या घरीं राजानें, किंवा आजच्या काळीं राजाच्या जागीं असलेल्या मंत्र्यानें, समाचारास जावें काय? याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें, कीं ज्याच्या हुकुमानें मनुष्य गेला त्यानें त्याच्या आईबापांपुढें उभें राहिलेंच पाहिजे. दुसरें मत असें, कीं शोक ही घरची गोष्ट आहे. राजा आला कीं त्याच्यामागें हुजरे येतात, आणि आज तर छायाचित्रें घेणारेहि येतात, आणि अंगणांत बसलेली विधवा क्षणभर देखाव्याची वस्तु होऊन बसते. दोन्ही मतांत तथ्य आहे. तेव्हां मनानें निवाडा करण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांनीं या बाबतींत काय योजिलें आणि प्रत्यक्ष काय केलें, तें पाहणें बरें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, पांचव्या अधिकरणांत, राजसेवकांच्या वेतनाचें प्रकरण आहे. त्यांत असें सांगितलें आहे, कीं कामावर असतां जे मरण पावतील त्यांच्या मुलांना व स्त्रियांना अन्न आणि वेतन मिळावें. त्यांच्या मागें राहिलेलीं लहान मुलें, म्हातारीं माणसें व आजारी यांच्यावर राजानें अनुग्रह करावा. आणि त्या घरांत मृत्यु, दुखणें किंवा बाळंतपण असें कांहीं निघालें म्हणजे द्रव्य पाठवून त्यांचा मान ठेवावा. हा नियम दानधर्माच्या प्रकरणांत नाहीं, वेतनाच्या प्रकरणांत आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कौटिल्य हा भावनेच्या भरांत लिहिणारा ग्रंथकार नव्हे. हिशेब मांडतांना, शिपायाचें वेतन त्याच्या मरणानें संपत नाहीं, असें त्यानें मांडून ठेविलें. बाळंतपणाचा उल्लेखहि विचार करण्याजोगा आहे. मरणाच्या दिवशीं आठवण सर्वांनाच असते. पुढें कित्येक महिन्यांनीं किंवा वर्षांनीं त्या घरांत मूल जन्मतें, तेव्हां सरकारास त्या घराची आठवण असावी, अशी ही अपेक्षा आहे.

अन्नाची सोय झाली म्हणजे राजाचें कर्तव्य संपलें काय? महाभारतानें याचें उत्तर एका प्रसंगानें दिलें आहे. स्त्रीपर्वांत, युद्ध संपल्यावर, पांडव गांधारीच्या भेटीस जातात. तिचे शंभर पुत्र मारले गेलेले. तिच्या मनांत शाप द्यावयाचें होतें आणि व्यासांनीं तिला आवरलें होतें. भीमाशीं तिचें बोलणें होतें, आणि मग ती विचारते, कीं तो राजा कोठें आहे. युधिष्ठिर हात जोडून, कांपत पुढें येतो आणि म्हणतो, कीं तुझ्या पुत्रांचा घात करणारा तो मीच. मला शाप दे. गांधारी कांहीं बोलत नाहीं. परंतु डोळ्यांवरील पट्टीच्या खालून तिची दृष्टि त्याच्या पायाच्या नखांवर जाते, आणि तीं नखें विद्रूप होतात. तें पाहून अर्जुन श्रीकृष्णाच्या मागें सरतो. गांडीव धारण करणारा वीर एका अंध पट्टी बांधलेल्या म्हातारीच्या नजरेला भितो! आणि त्यानंतर गांधारीचा क्रोध ओसरतो, व ती आईच्या मायेनें त्यांचेंच सांत्वन करते.

या कथेंत सांत्वन करावयास गेलेला राजा सांत्वन करीत नाहीं. त्याच्यापाशीं शब्दच नसतात. तो केवळ नजरेखालीं उभा राहतो. पुढें शांतिपर्वांत युधिष्ठिर राज्यावर बसल्यावर, ज्यांचे पति व पुत्र रणांत पडले त्या स्त्रियांच्या पालनाची व्यवस्था करतो, आणि ज्यांच्या मागें कोणी उरलें नाहीं त्यांचीं उत्तरकार्येंहि करवितो. म्हणजे कौटिल्यानें सांगितलेलें ऋण तोहि फेडतो. परंतु तें त्यानें दुसऱ्या ठिकाणीं, दुसऱ्या वेळीं फेडलें. एक ऋण अन्नाचें आहे आणि एक नजरेचें आहे. एक फेडल्यानें दुसरें फिटत नाहीं, असें आपल्या व्यासांचें मत दिसतें.

नजरेचें ऋण फेडणें किती अवघड, याचा दाखला इतिहासांत सम्राट् अशोकाच्या लेखांत आहे. कलिंगाच्या युद्धानंतर त्यानें तेराव्या शिलालेखांत आपला पश्चात्ताप खोदविला. दीड लाख माणसें धरून नेलीं, एक लाख मारलीं गेलीं आणि त्याहून कितीतरी अधिक मेलीं, असें तो स्वतःच सांगतो. एवढेंच सांगून तो थांबत नाहीं. ज्यांच्या अंगाला प्रत्यक्ष इजा झाली नाहीं, त्यांनाहि आपले मित्र व आप्त गेल्यानें दुःख भोगावें लागतें, हें तो नमूद करतो. रणभूमीपासून दूर असलेल्या घरांतील शोक एखाद्या विजयी राजानें राजकीय लेखांत लिहून ठेवावा, हें जगाच्या इतिहासांत विरळा. पण हा लेख कोठें कोरला गेला? वायव्येस शाहबाजगढीस, हिमालयाच्या पायथ्याशीं कालसीस, काठेवाडांत गिरनारला. खुद्द कलिंगांत, धौली व जौगड येथें, तो नाहीं. तेथें त्याऐवजीं निराळे आदेश आहेत. ज्यांचे आप्त मेले त्यांच्यापुढें तो आंकडा मांडावयास सम्राटाचें मन कचरलें असावें, किंवा त्याच्या मंत्र्यांना तें अनिष्ट वाटलें असावें. कारण कांहींहि असो, पश्चात्ताप साऱ्या देशाला ऐकूं गेला आणि जेथें तो प्रथम सांगावयास हवा होता तेथेंच गेला नाहीं.

आतां आपण महाराष्ट्राकडे येऊं. कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें शिवछत्रपतींची बखर लिहिली. अफझलखानाच्या वधानंतर, म्हणजे नोव्हेंबर १६५९ मधील त्या प्रसंगानंतर, महाराजांनीं काय केलें तें त्यानें थोडक्यांत नोंदविलें आहे. लढाईंत जे पडले त्यांच्या मुलांना चाकरींत चालविलें. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन बांधून दिलें. जखमींना ज्याची जशी जखम तसे पंचवीसापासून दोनशें होनांपर्यंत दिले. बखरकार येथें अलंकार वापरीत नाहीं; कारकुनानें यादी वाचावी तसें सांगतो. मला तर या तीन ओळींत महाराजांची थोरवी पोवाड्यांतील थोरवीपेक्षां अधिक दिसते. शत्रूचा सरदार मारल्याच्या आनंदांत छावणी बुडून गेली असतां कोणीतरी बसून कोणत्या घरीं मुलगा आहे आणि कोणत्या घरीं नाहीं याची चौकशी केली असली पाहिजे. तशी चौकशी झाल्यावांचून हा हुकूम अमलांत येऊंच शकत नाहीं.

पेशवाईंत या व्यवस्थेला नांवहि मिळालें. रणांत पडलेल्याच्या कुटुंबास जी नेमणूक किंवा जमीन दिली जाई, तिला बालपरवेशी म्हणत. विधवापरवेशी नव्हे, बालपरवेशी! मृताचें घर पुन्हां उभें राहीपर्यंत त्याचीं मुलें वाढविणें हें दौलतीचें काम, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ग्रीकांच्या अथेन्स नगरांतहि अशीच रीति होती. ख्रिस्तपूर्व ४३१ मध्यें युद्धाच्या पहिल्या वर्षाअखेर पेरिक्लिसनें मृतांच्या अंत्यविधीच्या वेळीं जें भाषण केलें म्हणून थुसिडिडीझनें दिलें आहे, त्याच्या शेवटीं, या मुलांना तीं वयांत येईपर्यंत नगर आपल्या खर्चानें वाढवील, असें अभिवचन आहे. इतका दूरचा देश आणि इतका दूरचा काळ. पण मोठें भाषण संपवितांना त्या मुत्सद्द्याला मुलांच्या पोटाची गोष्ट बोलावीशी वाटली.

शिवछत्रपतींच्याच चरित्रांत नजरेच्या ऋणाचा दाखला आहे, आणि तो फार हृदयद्रावक आहे. सरनौबत प्रतापराव गुजर यानें उंबराणीस कोंडींत सांपडलेल्या बहलोलखानाला जाऊं दिलें. महाराजांना तें आवडलें नाहीं. खानाचा फडशा पाडल्यावांचून आम्हांस तोंड दाखवूं नका, अशा अर्थाचे कडक शब्द त्यांनीं प्रतापरावास लिहून पाठविले. ते शब्द जिवाला लागून प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीच्या खिंडींत अवघ्या सहा स्वारांनिशीं खानाच्या फौजेवर तुटून पडला आणि सातहि जण मारले गेले. येथें राजाचें उत्तरदायित्व कोणत्याहि पडद्याआड नव्हतें. शत्रूची तलवार खरी, पण तिच्यापुढें त्या वीराला लोटणारे शब्द महाराजांचे होते, आणि हें महाराज जाणत होते. पुढें १५ मार्च १६८० रोजीं रायगडावर राजाराम महाराजांचें लग्न झालें तें प्रतापरावाच्या कन्येशीं, जानकीबाईशीं. त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनीं, ३ एप्रिल रोजीं, महाराज निवर्तले. मधें सहा वर्षें गेलीं होतीं; राज्याभिषेक झाला होता, कर्नाटकची मोहीम झाली होती. तरी तें घर महाराज विसरले नाहींत. समाचाराला एक दिवस जाऊन परत येण्याऐवजीं त्यांनीं त्या घरची मुलगी सून म्हणून आपल्या घरीं आणिली.

तथापि या उदाहरणापुढें आपण भाबडेपणानें हात जोडून थांबतां कामा नये. सरनौबताच्या कन्येला राजवाडा मिळाला. त्याच्याबरोबर पडलेल्या सहा स्वारांचें काय? राजाला मुलगे दोन आणि रणांत पडलेल्यांचीं घरें हजारों. सोयरीक हा राज्याचा नियम होऊं शकत नाहीं. त्या सहा स्वारांच्या घरांना आधार द्यावयास सभासदानें नोंदविलेला निम्म्या वेतनाचा नियमच हवा होता. म्हणून मी म्हणतों, कीं राजाच्या मनाचा मोठेपणा हा नियमाच्या जोडीला असावा. नियमाच्या जागीं तो येऊं नये. मन मोठें नसलेला राजा केव्हांहि गादीवर येऊं शकतो, आणि त्या वेळीं विधवेला नियमावांचून दुसरें कोणी नसतें.

पानिपतच्या प्रसंगीं तर समाचारास जाणाराच शोकांत बुडाला होता. १४ जानेवारी १७६१ रोजीं नानासाहेब पेशव्यांचा ज्येष्ठ पुत्र विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघेहि गेले. त्या धक्क्यानें खचून नानासाहेब २३ जून रोजीं पर्वतीवर वारले. घरोघर एकच आकांत असतां दारीं जाण्यास उरलें कोण? तरी दौलत सावरली तशी जुनी रीति चालूं राहिली. पानिपतच्या छावणींत डिसेंबर १७६० मध्यें पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचा मुलगा आप्पा बळवंत पुढें पेशवाईंतला नामांकित सरदार झाला. पुण्यांत त्याच्या नांवाचा चौक आहे आणि शाळकरी मुलें तेथें पुस्तकें घ्यावयास जातात.

पण पानिपतानें आणखी एक गोष्ट शिकविली. शोकाच्या आधीं बातमी लागते, आणि ती निश्चित लागते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीचें मरण कधींच मान्य केलें नाहीं; १७८३ मध्यें त्या वारल्या, तोंपर्यंत त्या सौभाग्यवतीच राहिल्या. मधल्या काळांत भाऊसाहेबांचें रूप घेऊन एक तोतया आला, त्यानें मोठें बंड माजविलें, आणि १७७६ मध्यें त्याला देहान्त शासन झालें. ज्या वाड्यांत साऱ्या हिंदुस्थानचे जासूद बातम्या आणीत, त्या वाड्यांतील एक स्त्री बावीस वर्षें संशयांत जगली. मग कोंकणांतल्या किंवा वऱ्हाडांतल्या साध्या बारगिराच्या बायकोनें किती वर्षें उंबरठ्यावर बसून वाट पाहिली असेल! राजा येवो न येवो, तुमचा मनुष्य अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं पडला, हें खरेपणानें कळविणें हें सरकारचें पहिलें देणें आहे.

आतां आपण पुन्हां १८१८ सालाकडे वळूं. त्या सालच्या १ जानेवारीस भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें कंपनीच्या एका लहान तुकडीनें पेशव्यांच्या फौजेशीं दिवसभर झुंज दिली. कंपनीनें तेथें विजयस्तंभ उभारला आणि त्यावर आपल्याकडील पडलेल्यांचीं नांवें कोरलीं. एकूणपन्नास नांवें आहेत; त्यांतील बावीस महार शिपायांचीं. ज्यांच्या सांवलीलाहि विटाळ मानीत असत, त्यांचीं नांवें दगडावर, सर्वांना वाचतां येतील अशीं, कोरलीं गेलीं. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, आणि पुढें दरवर्षीं लाखों लोक तेथें जाऊं लागले. नांव कोरलें गेल्यामुळें शंभर वर्षांनंतरहि त्या मृतांच्या समाचारास माणसें येऊं शकलीं.

मात्र याला दुसरी बाजूहि आहे. ज्या सरकारनें तीं नांवें कोरलीं, त्याच सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत महारांची सैन्यभरती बंद केली. आजोबांचें नांव स्तंभावर आणि नातवाला पलटणीचें दार बंद! गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांना अर्ज लिहून हें गाऱ्हाणें मांडावें लागलें. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्यें. सांत्वन दगडावर लिहिलें म्हणजे तें पुरें झालें असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आणि त्याच १८१८ सालीं कामठ्याच्या तटावर जे पडले त्यांचें काय? त्यांच्या घरीं कोण जाणार होतें, तें आपण एकेक करून पाहूं. ज्याच्या नांवानें ते लढले तो आप्पासाहेब नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीस आणि डिसेंबरांत नागपुरास पराभूत झाला होता. १८१८ च्या मार्चांत त्याला कैद झाली. मे महिन्यांत अलाहाबादेकडे नेत असतां तो निसटला, आणि महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयानें राहिला. तेथून असीरगड, तेथून उत्तरेकडे. शेवटीं १८४० मध्यें जोधपुरास त्याचा अंत झाला. बावीस वर्षें जो स्वतःच दुसऱ्याच्या दाराशीं आश्रय मागत होता, तो कामठ्याच्या कोणत्या दाराशीं जाणार? नागपूरच्या गादीवर जून १८१८ मध्यें बसलेला तिसरा रघूजी हा सुमारें दहा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या दप्तरीं हे लोक बंडखोर. आणि प्रत्यक्ष कारभार १८३० पर्यंत ज्याच्या हातीं राहिला तें ब्रिटिश रेसिडेंटचें सरकार. त्यांचे तर हे शत्रु. एका राजाला येतां येईना, दुसऱ्याला समजण्याचें वय नव्हतें, आणि तिसऱ्याला यावयाचें कारण नव्हतें. बालपरवेशी देणारी दौलत तर दुसऱ्याच्या हातांत गेलेली. अन्नाचें आणि नजरेचें अशीं दोन्ही ऋणें तेथें बुडालीं.

यांत दोष कोणाचा, हा प्रश्न आतां व्यर्थ आहे. परंतु त्यांतून एक तत्त्व निघतें. शिपायाच्या घराचें देणें जर राजाच्या जयावर अवलंबून असेल, तर तें देणें नव्हे, तें लुटींतला वांटा आहे. भाताच्या बांधीवर चिखल तुडविणारा मनुष्य पाटलाच्या हाकेला तटावर चढला, तेव्हां कोणाची गादी राहील आणि कोणाची जाईल याचा निवाडा त्यानें करावा, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. मग त्याच्या मुलांनीं त्या निवाड्याची किंमत कां द्यावी? जिंकणाऱ्यानें पराभूतांच्या घराकडेहि पाहावें, हें युधिष्ठिरानें केलें आणि अशोकाला निदान सुचलें. १८१८ च्या शहाण्या कारभाऱ्यांना तें सुचलें नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाच्या आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप असा, कीं आधुनिक युद्धांत मृतांची संख्याच इतकी असते, कीं राज्यकर्ता घरोघर जाणार कसा? १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर पंचम जॉर्ज बादशहाच्या सरकारनें पडलेल्यांच्या आप्तांना कांशाचीं गोल स्मारकपदकें पाठविलीं; तीं तेरा लाखांहून अधिक काढावीं लागलीं. त्यांवर मृताचें नांव असे, हुद्दा नसे. सेनापति आणि शिपाई यांना एकच पदक. यांत न्याय होता. पण सोबतचें बादशहाचें पत्र छापील होतें. लाखों घरांना तेच शब्द, तीच सही. न्याय झाला, भेट झाली नाहीं. आणि कांहीं थोड्याच घरीं जावें तर ती निवड कशी करावी? ज्या घरचा पुत्र नामांकित तेथें मंत्री आणि दुसऱ्या घरीं तलाठी, असें झालें तर सांत्वनानेंच दुसरी जखम होते.

दुसरा आक्षेप अमेरिकेच्या इतिहासांतून घेतों. २१ नोव्हेंबर १८६४ रोजीं प्रेसिडेंट लिंकन यांच्या सहीचें एक पत्र बॉस्टनच्या बिक्सबी नांवाच्या विधवेला गेलें. तिचे पांच पुत्र रणांत पडले असें अधिकाऱ्यांनीं लिंकनना कळविलें होतें. इंग्रजी भाषेंतील उत्कृष्ट सांत्वनपत्र म्हणून त्याची कीर्ति आहे. परंतु पुढें चौकशींत दिसून आलें, कीं तिचे दोन पुत्र पडले होते. उरलेल्या तिघांची कथा निराळी होती. तें पत्र लिंकनच्या चिटणिसानें लिहिलें असावें, असाहि वाद आहे. कागदांतील चूक आणि दुसऱ्याचे शब्द, इतकें असूनहि त्या पत्राचें मोल अगदींच नाहींसें होत नाहीं. पण त्यावरून इतकें खचित कळतें, कीं हृदय कितीहि कोमल असलें तरी यादी चुकीची असेल तर सांत्वन चुकीच्या दाराशीं जातें.

हे आक्षेप मी मान्य करतों. तरीहि माझें उत्तर असें आहे, कीं राज्यकर्त्यानें जावें. त्याच्या जाण्यानें विधवेचें दुःख हलकें होतें म्हणून नव्हे. तें बहुधा होत नाहीं. त्यानें जावें तें स्वतः पाहण्यासाठीं आणि पाहिला जाण्यासाठीं. नकाशावर बोट ठेवून हुकूम देणाऱ्याला त्या बोटाखालीं कोणाचें घर आहे हें एकदां तरी दिसलें पाहिजे. प्रतापरावाच्या मृत्यूनंतर महाराजांनीं पुढच्या सेनापतीला पत्र लिहितांना लेखणी क्षणभर थांबविली असेल, असें मला वाटतें. पुढचा हुकूम देतांना तसा एक क्षण यावा, एवढ्यासाठीं ही भेट हवी. सर्व घरीं जाणें शक्य नसेल तर जेथें कोणी ओळखीचें नाहीं, जेथें छायाचित्र काढण्यासारखें कांहीं नाहीं, तें घर त्यानें निवडावें. आणि जाण्यापूर्वीं दोन गोष्टी त्या घरीं पोंचलेल्या असाव्यात: खरी बातमी आणि ठरलेलें वेतन. मंत्र्यानें हातांत धनादेश घेऊन जाऊं नये. देणें हें देणें आहे. तें भेटीची भेटवस्तु म्हणून दिलें कीं घेणाराची मान खालीं जाते, आणि खरें पाहतां मान खालीं व्हावयाची ती देणाराची.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याच उन्हाळ्यांत कारगिलचें युद्ध झालें. पूर्वींच्या युद्धांत शिपायाचा अंत्यविधि बहुधा रणभूमीजवळच होई आणि घरीं तार येई. कारगिलपासून पडलेल्या जवानाचा देह त्याच्या गांवीं पोंचविण्याची रीति रुळली. त्यामुळें आतां गांवोगांवच्या लोकांना तें दृश्य परिचित झालें आहे: तिरंग्यांत गुंडाळलेली पेटी, बंदुकींची सलामी, आणि पुढें उभे असलेले पुढारी. पूर्व विदर्भाच्या जंगलभागांत हें दुःख सीमेवरूनच येतें असेंहि नाहीं. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यांत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनीं सुरुंगाचा स्फोट केला. त्यांत पंधरा पोलीस शिपाई आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. तो सोळावा मनुष्य गणवेशांत नव्हता. पडलेल्यांची यादी करतांना ओळ कोठें ओढावयाची, हा प्रश्न त्या एका माणसानें उभा केला आहे. सभासदाच्या यादींतहि अशीं घरें आलीं असतील काय, असा विचार माझ्या मनांत येतो.

तिसऱ्या दिवशीं सलामी संपते, माणसें पांगतात. दहाव्याला, तेराव्याला थोडीं येतात. वर्षश्राद्धाला घरचींच असतात. कौटिल्यानें बाळंतपणाची आठवण ठेवावयास सांगितलें, महाराजांनीं सहा वर्षांनीं सोयरीक केली. या दोन्ही गोष्टींचा इशारा एकच आहे, कीं खरा समाचार उशिरा घ्यावा. ज्या मंत्र्याला पहिल्या दिवशीं जातां आलें नाहीं त्यानें दुसऱ्या वर्षीं जावें. तेव्हां वाट पाहणारे कोणी छायाचित्रकार नसतात, आणि मुलाची फी भरली कीं नाहीं, जमिनीचा फेरफार झाला कीं नाहीं, सुनेचें नि सासऱ्याचें वेतनावरून वितुष्ट आलें कीं काय, हें सारें तेव्हांच कळतें.

गांधारीनें शेवटीं पांडवांचें सांत्वन केलें. शोकाकुल आईबाप आजहि दारीं आलेल्या पुढाऱ्यास बसावयास पाट देतात, पाणी विचारतात, आमचा मुलगा देशाच्या कामीं आला असें म्हणून त्यालाच धीर देतात. हें आपल्या लोकांचें औदार्य आहे. तें औदार्य घेऊन परत येणाऱ्यानें आपण सांत्वन करून आलों असें समजूं नये. कामठ्याच्या घरांना तर हें औदार्य दाखविण्याचीहि संधि कोणी दिली नाहीं. पाट मांडावा असा कोणी त्यांच्या दाराशीं आलाच नाहीं.